आरशातली रांग

२ ऑक्टोबर, गुरुवार

ही वही मिर्यामने टोपलीतून वर पाठवली. निळ्या पुठ्ठ्याची, पुलापलीकडच्या कागदवाल्याच्या दुकानातली. सोबत चिठ्ठी होती, की मावशी, दिवसभर खिडकीतून आमच्याशी बोलता, आमची गिऱ्हाइकं खोळंबतात, आता थोडं हिच्याशी बोला. आगाऊ आहे मेली. ब्रशांचं दुकान चालवून चालवून तिच्या जिभेलाही काटे आलेत.

तर वहीला ओळख करून द्यायला हवी. मी बेप. वय एक्याऐंशी. शाळा बाराव्या वर्षी सुटली, आईला दुकानात माणूस हवं होतं. तेव्हापासून माझं लिहिणं म्हणजे बटणांच्या खणांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या. शिंग, चार भोकं. शिंपला, दोन भोकं, मोठी. पूर्ण वाक्य लिहायची वेळ फारशी आली नाही, तेव्हा काही वाकडं गेलं तर वहीने सांभाळून घ्यावं.

खाली आमचं बटणांचं दुकान, मधल्या मजल्यावर कुणा आर्किटेक्टची कचेरी, जो कधीच नसतो, आणि वर मी. जुलैत पडले. जिन्यावर नाही हं, स्वयंपाकघरात, बटाट्याच्या सालीवरून. खुब्याचं हाड मोडलं. आमच्या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही, म्हणून बंबवाले आले आणि मला खिडकीतून काढून शिडीच्या पाळण्यात घातलं. काय सांगू, अख्खी गल्ली बाहेर. शेजारचा चीजवाला वाउटर एप्रनसकट, दिवेवाला, कागदवाला, सगळे. समोरच्या कालव्यात होडीतल्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. मी हात हलवला. हाड मोडलं नसतं तर मजाच होती.

सप्टेंबरात चार दांडग्या माणसांनी खुर्चीसकट परत वर आणून ठेवलं. तेव्हा दुकानाला पुढून फळ्या मारलेल्या होत्या. हार्म, म्हणजे माझा मुलगा, म्हणाला भिंतीला ओल आलीय, दुरुस्ती चाललीय. ठोकाठोकी ऐकू येते दिवसभर. मला काही त्रास नाही, घरात कुणीतरी आहे असं वाटतं.

तेव्हापासून खाली गेले नाही. चौतीस पायऱ्या, शिडीसारख्या उभ्या.

६ ऑक्टोबर, सोमवार

दुकान उघडलं. सकाळी दहालाच रांग.

माझ्या खिडकीबाहेर एक छोटा आरसा लोखंडी दांडीवर बसवलेला आहे, आईच्या वेळचा. खुर्चीतून न उठता त्यात पुलापर्यंतची गल्ली आणि पुलापलीकडची दुकानं दिसतात. गल्लीतल्या जुन्या बायका याच्यावरच जगल्या. आपलं स्वतःचं दार तेवढं त्यात दिसत नाही, ते थेट खाली येतं. तर आज आरशात रांग दिसली, पार पुलापर्यंत. तरुण मुलंमुली, पाठीवर पिशव्या, हातात फोन. मी खिडकी उघडून वाउटरला विचारलं, ही माणसं कशाला उभी आहेत रे. त्याने हात एप्रनला पुसले. मग म्हणाला, "तुमच्याच दुकानासमोर उभी आहेत, मावशी."

एकोणसत्तर वर्षं त्या दुकानात उभी राहिले. एका वेळी चार गिऱ्हाइकं आली तर आई म्हणायची, आज जत्रा आहे. आणि आता पुलापर्यंत रांग. मी खिडकीत बसून ढसाढसा रडले, आनंदाने. बटणांना पुन्हा दिवस आले.

हार्मने दुकानात एक बाई ठेवलीय, कार्ला नावाची. तिचे गुडघे दुखतात म्हणून ती वर येत नाही. माझा खुबा, तिचे गुडघे. अशी दोघींची एकच बाई करायला हवी.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आता धंदा कसा चालतो ते लिहून ठेवते, कारण मला फार गंमत वाटते. माडीच्या तुळईला कप्पी आहे, पूर्वी त्यावरून कपाटं आणि पलंग खिडकीतून वर घ्यायचे. त्या कप्पीवर माझी टोपली. जुनं गिऱ्हाईक आलं की वाउटर खालून ओरडतो, मावशी, शिंगाचं हवंय, काळपट, माणसाच्या कोटाला. मी डोळे मिटते आणि कपाट समोर उभं राहतं. मी सांगते, डावं कपाट, चौथी ओळ, सुतळीची मूठ असलेला खण. दोनशे बारा खण आहेत, एकही चुकत नाही.

एवढंच की वेळ फार लागतो. मी असते तर शिंक येऊन जाईपर्यंत बटण हातात. इथे पंधरा मिनिटं. वाउटर बटण टोपलीत टाकून वर पाठवतो, मी बघते, बरोबर असेल तर मान हलवते. कार्लाला वेग नाही. बटणाबरोबर तिच्या चिठ्ठ्या येतात त्याही बघा, सोमवारी अक्षर गोल, बुधवारी तिरकं, आज तर कोंबडी नाचल्यासारखं. मनाची चंचल असणार.

१५ ऑक्टोबर, बुधवार

रिन्से आला होता, व्यायाम शिकवणारा. उत्तरेकडचा आहे, ताडमाड, माझ्या दारातून वाकून येतो. जिन्याच्या तोंडाशी उभं करतो, एका हातात काठी, दुसऱ्या हातात भिंतीवरचा दोर, आणि म्हणतो पुढे बघा आणि पाय टाका. पुढे काय बघू, पुढे विहीर आहे. दोन पायऱ्या उतरले आणि डोकं गरगरलं. तो म्हणाला, डिसेंबरपर्यंत तुम्ही पुलावर असाल. किती गोड पोरगा आहे. त्याला सूप दिलं, वाटाण्याचं. त्याने तीन वाट्या खाल्ल्या.

तो गेल्यावर हार्मचा फोन. मी सांगितलं दोन पायऱ्या उतरले. त्याने लगेच फोन ठेवला. या जिन्याचं आणि त्याचं पहिल्यापासून जमत नाही. कॉर, म्हणजे त्याचा बाप, इथेच गेला, खालून पाचव्या पायरीवरून घसरून, बटणांची पेटी छातीशी धरलेली. पेटी सोडली असती तर भिंतीवरचा दोर धरता आला असता. हार्म तेव्हा अकरा वर्षांचा. बापाने खालून हाक मारली म्हणून यानेच वरून दारचा दोर ओढून दार उघडलं होतं. त्यानंतर त्याने तो दोर कधी हातात घेतला नाही. इथे आला तरी बेल वाजवतो, खाली उभा राहतो, मी वरून दोर ओढेपर्यंत.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

एक गोष्ट माझ्या लक्षात आलीय आणि ती कुणाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. वाउटर आणि मिर्याम.

आरशात दिसतं ना सगळं. दिवसातून पाच-पाच वेळा तो दुकान सोडून पूल ओलांडतो, एप्रन उडतोय, टक्कल चमकतंय, आणि थेट मिर्यामच्या ब्रशांच्या दुकानात. दोन मिनिटांत बाहेर, मूठ वळलेली, चेहरा लाल. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, बायको जाऊन सहा वर्षं झाली, आणि असा धावतोय. कधी कधी दिवेवाल्याकडेही शिरतो, पण तो बहाणा असणार, लोकांना कळू नये म्हणून. मिर्यामला टोपलीतून चिठ्ठी पाठवली, की चीजच्या वासाची सवय होते, माझ्या मावशीला झाली होती. तिने खालून तोंडाचा आ करून वर बघितलं. पकडली गेली बिचारी.

आणखी एक आनंद. वाउटर हल्ली रोज साडेदहाच्या कॉफीबरोबर टोपलीतून एक बिस्कीट पाठवतो. तळहाताएवढं जाड, बाहेरून कुरकुरीत, आत ऊन, मऊ. इतकं चांगलं बिस्कीट मी जन्मात खाल्लं नाही. विचारलं कुठलं, तर म्हणाला, इथलंच, जवळच नवीन निघालंय. हल्ली खालून लोणी आणि जळक्या साखरेचा वास येतो तो त्याचाच असेल, की सणाचे दिवस जवळ येतायत म्हणून सगळीकडेच भट्ट्या लागल्यात. मिर्यामला म्हटलं, खाली आले की सगळ्यात आधी त्या बिस्किटवाल्याकडे जाणार, हात हातात घेऊन शाबासकी देणार. ती झाडूचे केस मोजत राहिली.

३ नोव्हेंबर, सोमवार

आज चांगला दिवस नाही, पण लिहायचं तर सगळं लिहायचं.

हार्म आला. येताना माझी आवडती खारवलेली हेरिंग मासळी आणली, वर कांदा. हा काहीतरी मागणार हे मी तेव्हाच ओळखलं. पुर्मेरेंडला एक घर आहे, म्हाताऱ्यांचं. खोली मिळतेय, दहा डिसेंबरपासून. लिफ्ट आहे, रुंद दारं आहेत, खिडकीतून शेत दिसतं. मी विचारलं, शेतात काय आहे. म्हणाला, मेंढ्या. मी म्हटलं, मेंढ्यांना बटणं लागतात का.

तो हसला नाही. म्हणाला, आई, तू इथे अडकून पडली आहेस.

अडकले कशी, माझी रांग आहे खाली, मी म्हटलं. तेव्हा त्याने तोंड फिरवलं. मग मीच अट घातली. मी माझ्या पायांनी हा जिना उतरले तर पुर्मेरेंड नाही. पाच डिसेंबरपर्यंत, म्हणजे मुलांना भेटी वाटायच्या सिंटरक्लासच्या सणापर्यंत. तो म्हणाला ठीक आहे, पण असं म्हणाला जसं लहान मुलाला चंद्र देतो म्हणतात.

जाताना म्हटलं, एक काम कर, तो आरसा जरा खाली वाकव, मला माझं दार बघू दे, रांग दारात कशी वळते ते. तो खिडकीशी गेला, हात लावला, आणि म्हणाला स्क्रू गंजलाय, वाकवला तर तुटेल. एवढा तर काही गंजलेला नाही. पण तो हल्ली थकलेला असतो. हॉस्पिटलातली सगळी धावपळ त्यानेच केली. विम्याचे कागदही त्यानेच भरले, मी नुसत्या सह्या केल्या, आठ ठिकाणी. चष्मा घरी राहिलेला आणि नर्स सुई घेऊन उभी. वाचत कोण बसतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

रिन्से आला नाही. हार्मला फोन केला तर म्हणे, त्याच्या खेपा संपल्या. मी मोजल्या नव्हत्या, पण रिन्से जाताना पुढच्या बुधवारी येतो म्हणाला होता, सूप ठेवा म्हणाला होता. सूप मीच खाल्लं. चार दिवस पुरलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रिन्से नाही तर नाही, शेजारी आहेत. परवा वाउटरला म्हटलं, अर्धा तास दुकान बंद कर, माझ्यापुढे दोन पायऱ्या खाली उभा राहा, बस्स. तो म्हणाला नक्की, पण आज चीजची गाडी येणारे. काल म्हणाला कंबर धरलीय. ती कंबर घेऊन तो चार वेळा पूल ओलांडून पळाला, मी बघितलं.

मिर्यामला म्हटलं. ती वर आली, भाजीची पिशवी घेऊन, कोबी, बटाटे, सगळं चिरून दिलं, म्हणाली तुम्ही उठूच नका. आज दोर ओला आहे. सोमवारी बघू. मी म्हटलं दोर घरात असतो, ओला कसा होईल. तर म्हणाली दमट हवा आहे.

दिवेवाला तसाही बहिरा आहे.

मी खुर्चीत बसून विचार केला. मला इतकी माणसं जीव लावतात की एकही हात पुढे करत नाही. कोबी येतो, बिस्कीट येतं, वही येते, टोपली खालीवर खालीवर करते, आणि खाली जायचं म्हटलं की सगळ्यांना काम निघतं. टोपलीत मी मावत असते तर.

रांग आजही पुलापर्यंत होती. पाऊस असूनही. छत्र्या घेऊन बटणं घ्यायला येतात माणसं, याहून काय हवं. तरी आज बघवेना. पाठ फिरवून बसले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज मी एक शोध लावलाय.

जिन्याच्या तोंडाशी उभी होते, काठी, दोर, विहीर, सगळं नेहमीप्रमाणे. डावी सपाता निसटली आणि तिसऱ्या पायरीवर जाऊन पडली. आता ती आणायला हवी, पायाला गार लागतं. मी पाठ फिरवली, गुडघा वरच्या पायरीला टेकवला, आणि मागचा पाय खाली चाचपडत सोडला. एक. दोन. तिसऱ्यावर सपाता. तोंड पायऱ्यांकडे, दोन्ही हातांनी वरची पायरी धरलेली, आणि भीती कुठेच नाही, कारण खालचं काही दिसतच नाही.

आणि मला आई आठवली. कोळशाची बादली घेऊन आई हा जिना अशीच उतरायची, उलटी, शिडीवरच्या खलाशासारखी. आम्ही सगळेच तसे उतरायचो. या घरांचे जिने तोंड पुढे करून उतरायचे नसतातच. रिन्सेच्या गावात घरं बसकी, त्याला काय माहीत. पण मी कशी विसरले. एकोणसत्तर वर्षं मी याच जिन्यावरून उलटी उतरून दुकान उघडलं, आणि एक ताडमाड पोरगा म्हणाला पुढे बघा, तर मी पुढे बघायला लागले.

सपाता घेऊन वर आले. कुणाला सांगणार नाही. सांगितलं तर दोर ओला होईल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मधल्या टप्प्यापर्यंत गेले आणि परत आले. एकोणीस पायऱ्या. मांड्या दगड झाल्यात. आर्किटेक्टच्या दारासमोर बसून पेपरमिंट खाल्लं. त्याच्या दारावर धूळ आहे.

टप्प्यावर खालचा आवाज स्पष्ट येतो. एक तरुण बाई बोलत होती, परक्या भाषेत, भराभर, मध्ये घंटी वाजत होती. कार्ला इतकी तरुण असेल असं वाटलं नव्हतं. त्या वयात गुडघे.

१ डिसेंबर, सोमवार

हार्म खोकी ठेवून गेला. घडी केलेली, रिकामी, भिंतीला टेकवून. शुक्रवारी दुपारी एकला येतो म्हणाला, भरायला मदत करतो. सणाचं चॉकलेटचं अक्षर, तुझ्या नावाचं पहिलं, घेऊन येईन, दरवर्षीसारखं. मी म्हटलं, आपलं ठरलंय ते विसरू नकोस. तो म्हणाला, "आई, तू वर सुखरूप आहेस हे मला कळतं तेव्हाच मला झोप लागते."

मी त्याच्या गालावरून हात फिरवला. केस पांढरे झालेत त्याचे कानाजवळ.

खोकी मात्र पलंगावरून सारखी दिसतात. एकावर चादर टाकली तर आणखी मोठी दिसायला लागली.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज ही वही घरात लिहीत नाहीये. मिर्यामच्या दुकानात खिडकीपाशी स्टुलावर बसलेय. वर बाटल्या धुवायचे ब्रश टांगलेत, ते मानेला गुदगुल्या करतात. पहिल्यापासून सांगते, नाहीतर मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

साडेनऊला निघाले. वही गळ्यातल्या पिशवीत, काठी आधी खाली सोडून दिली, ती खडखडत गेली आणि तिने पोचल्याचं कळवलं. मग मी उलटी. टप्प्यावर पेपरमिंट. नंतरच्या पंधरा पायऱ्या जास्त उभ्या आहेत. खालून पाचवीवर दोन्ही पाय ठेवून थांबले. म्हटलं, कॉर, उतरतेय हं, माझ्या हातात काही नाहीये. आणि उतरले.

दार उघडलं. आधी गार वारा, मग कालव्याचा वास, तो वरपर्यंत येत नाही. मी मोठ्या दिमाखात उजवीकडे वळले, माझी रांग बघायला.

आमच्या काचेत शिंपल्याच्या बटणांचा मोठा पंखा असायचा, आजीने मांडलेला. तिथे बिस्किटं होती. विटांसारखी रचलेली. वर गुलाबी पाटी. रांगेतली माणसं दारातून आत जात होती आणि हातात बिस्कीट घेऊन बाहेर येत होती, तळहाताएवढं, जाड.

रडू आलं नाही. भिंत तेवढी धरली. आणि डोक्यात एकच आलं, की दोन महिने रोज साडेदहाला मी माझं दुकान खात होते. वर शाबासकीही देत होते.

दारात एक मुलगी होती, नम्र होती हो, तिने हाताने दाखवलं की आजी, रांगेचं टोक तिकडे. मी गेले. मग काय करणार, रांग ती रांग. पुलापर्यंत चालत गेले आणि सगळ्यात मागे उभी राहिले. अर्धा तास. माझ्यापुढे एक परदेशी माणूस बायकोबरोबर. त्याच्या कोटाचं मधलं बटण तुटलेलं, दोरा लोंबत होता. शिंग, चार भोकं, काळपट. मी त्या दोऱ्याकडे बघत आत गेले.

आत सगळं पांढरं. जमीन मात्र तीच. मेजामागे जिथे आई उभी राहायची आणि मग मी, तिथे फळी झिजून खळगा पडलाय. त्या खळग्यात आता पांढऱ्या बुटांतली एक पोर उभी होती. तिला कळतही नसेल पाय आपोआप तिथेच का जातात. गिऱ्हाइकाच्या बाजूने मी आज पहिल्यांदाच उभी राहिले. एक बिस्कीट घेतलं. बाहेर येऊन खाल्लं. चव तीच. वाईट असती तर बरं झालं असतं.

तो कोटवाला अजून फोटो काढत होता. मी त्याच्या बाहीला धरलं आणि वाउटरच्या दुकानात ओढत नेलं. का ते विचारू नका, हात आपोआप गेला. तो बिचारा आला, मागून बायको बिस्किटं सांभाळत.

वाउटर जुनं चीज कापत होता. मला बघितलं आणि सुरी चीजमध्येच राहिली. त्याच्या मागे, मोठ्या गोल चीजच्या फळ्यांमध्ये, माझं अर्धं डावं कपाट उभं होतं. सुतळीची मूठ, सगळं.

मी म्हटलं, "शिंगाला चीजचा वास लागेल."

"मावशी, मी सांगणारच होतो."

"कधी?"

"तुम्ही खाली आलात की."

"आणि खाली येऊ कोण देत होतं?"

वाउटरने सुतळीचा खण ओढून माझ्यापुढे ठेवला, दोन्ही हातांनी, आणि सुईदोरा शोधायला गेला. मी त्या माणसाच्या कोटाला बटण लावलं, त्याच्या अंगावरच, दाताने दोरा तोडला. त्याची बायको टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं हा इथला काही खेळ आहे.

मग वाउटरने सांगितलं. मी हॉस्पिटलात असताना हार्मने दुकानाची जागा बिस्किटवाल्यांना देऊन टाकली. त्या आठ सह्या विम्याच्या नव्हत्या. कपाटं भंगारात जाणार होती, दारात गाडी उभी होती. तेव्हा गल्लीतल्यांनी एकेक उचललं. थोडी वाउटरकडे, बरीच मिर्यामकडे, शिंपल्याची दिवेवाल्याकडे, लहान मुलांच्या कपड्यांची कागदवाल्याकडे. सात दुकानांत माझे दोनशे बारा खण. कार्ला कुणी नव्हतीच, सगळे आळीपाळीने चिठ्ठ्या लिहायचे. कोंबडी नाचायची ती दिवेवाल्याची. मी वरून सांगायची, चौथी ओळ, आणि हा टकला पूल ओलांडून पळायचा.

मिर्यामकडे आले तर ती आधीच दारात उभी, डोळे पुशीत. खुर्ची दिली, ती मी घेतली नाही, स्टूल घेतलं, खुर्चीत खूप बसून झालं. रिन्सेला हार्मने बंद केलं, म्हणाली. "आणि आम्हीही तेच केलं, मावशी. वाटलं, तुम्ही हे बघितलंत तर मोडून पडाल."

मी म्हटलं मोडायचं ते हाड जुलैतच मोडलं. मग विचारलं, मग वाउटर तुझ्याकडे फक्त बटणांसाठीच पळत यायचा का गं. ती इतकी हसली की झाडू पडले. म्हणाली, त्याला वास येतो. पण तेवढ्यात तो दारातून माझी काठी घेऊन आला, मी त्याच्याकडे विसरले होते, आणि तिने केसांवरून हात फिरवला. मी बघितलं. आरशाशिवायसुद्धा मला दिसतं.

तिच्याकडचे खण बघून झाले. शिशाची चुकीच्या खणात घातलीत. उद्यापासून मला इथे यावंच लागेल, आणि चीजच्या दुकानात, आणि दिवेवाल्याकडे. गल्लीत एक बटण शोधायचं तर आता सात दुकानं पालथी घालावी लागतात. कोण घालणार, मीच. दोनशे बाराही मलाच पाठ आहेत.

रागावलेय का? रागावलेय. माझ्या सह्या, माझं दुकान, आणि मला सोडून साऱ्या गल्लीला ठाऊक. हे मी हार्मला सांगणार आहे, त्याच्या तोंडावर, आणि बिस्कीटही खायला घालणार आहे. चादर टाकलेलं खोकं चादरीसकट त्याने परत न्यायचंय.

एक वाजला. तो बघा, आला. पुलापलीकडे माझ्या दारात उभा आहे, काखेत चॉकलेटच्या अक्षराचं चपटं खोकं. बेल वाजवली. वर बघतोय. पुन्हा वाजवली. रांगेतली माणसं त्याच्याकडे बघतायत. मिर्याम म्हणाली, मावशी, हाक मारा. मी म्हटलं, थांब, वाजवू दे जरा. मीही दोन महिने वर बसले होते.

पण आता त्याने खोकं जमिनीवर ठेवलंय. गुडघे टेकलेत, पत्रांची फट उघडून आत जिन्याकडे बघतोय, आई म्हणून ओरडतोय. हात दारावर पसरलेत. एवढ्या लांबून त्याचा चेहरा दिसत नाही, पण मला तो माहीत आहे. अकरा वर्षांचा आहे तो.

वही इथेच ठेवते. पुलावर जाऊन हाक मारायला हवी. हाक ऐकली की तो आधी वर, खिडकीकडेच बघेल.